दिसलंच नाही तर घ्यायचं कशाला

आमच्या घरात इंग्रजी फॉर्म भरायचं काम मी चौथीत असल्यापासून माझ्याकडे आहे. त्यामुळे पप्पांच्या शस्त्रपरवान्याचा अर्जही मीच भरला. शस्त्र कशासाठी हवं, धोका कोणापासून, या रकान्यापाशी मी थांबले. पप्पांनी बराच विचार केला. वाघोलीत जमिनीवरून त्यांना धमकी दिलेला माणूस एकच, त्यांचा चुलतभाऊ, आणि तो त्या क्षणी आमच्याच पडवीत बसून चहा पीत होता.

"सगळ्यांकडनं, असं लिही," पप्पा म्हणाले.

आम्हाला कोणी मारणार नव्हतं. पण आमच्या बाजूला जमीन विकली की आधी मोठी गाडी येते, मग सोन्याचं कडं, मग कमरेला रिव्हॉल्व्हर. शर्ट बाहेर सोडलेला, कारण हत्यार मिरवायचं नाही असा नियम आहे. आणि शर्ट एक नंबर लहान, कारण मिरवायचं तर असतंच.

परवाना हातात आला तो नेमका नको त्या आठवड्यात. रविवारी आम्हाला नारायण पेठेत जायचं होतं. माझ्या ऑफिसातल्या एका मुलाशी मला लग्न करायचं होतं. दोन वर्षं मी त्याला घरात कोणाला दिसू दिलं नव्हतं. लपवण्याचा सराव मला पप्पांपेक्षा जास्त. आता त्याच्या आईला भेटायला पप्पा पहिल्यांदाच येणार होते. आईला डावलून तो काही करणार नाही, हे मला माहीत होतं. आणि पप्पा रिव्हॉल्व्हरशिवाय येणार नाहीत, हेही.

म्हणून शनिवारी कॅम्पातल्या दुकानात मी स्वतःहून गेले. चार रात्री मोबाईलवर वाचून तयारी केली होती. कपड्यांखाली ठेवायचं तर चपटं हवं, हलकं हवं. रिव्हॉल्व्हरला मध्ये गोळ्यांचं गोल चाक असतं, ते फुगतं. पिस्तूल चपटं असतं.

दुकानदार म्हातारे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी काचेवर मखमल पसरली आणि एक मोठं रिव्हॉल्व्हर ठेवलं. पप्पांचा चेहरा असा उजळला, की माझ्या बारावीच्या निकालालाही तो तसा उजळला नव्हता. मी शेजारच्या छोट्या पिस्तुलाकडे बोट दाखवलं.

"हे शर्टखाली अजिबात दिसत नाही, पप्पा."

"अगं, दिसलंच न्हाई तर घ्यायचं कशाला?"

"वेळ आली तर वापरायला," दुकानदार म्हणाले.

पप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

मग मी खोटं बोलले. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी क्वचितच बोलले असेन.

"त्यांच्याकडे जेवायला जमिनीवर बसतात. पाटावर. मांडी घालून."

पप्पांनी रिकामं रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालायचा प्रयत्न केला. पोट आणि रिव्हॉल्व्हर दोघांना एकाच वेळी जागा हवी होती. पोट जुनं होतं, ते हटेना. दुकानदारांनी पंखा वाढवला. पाच मिनिटांनी आम्ही छोटं पिस्तूल घेतलं.

रविवारी नारायण पेठेत दार उघडलं आणि समोरच सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. पप्पांनी टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खुर्ची ओढून ताठ बसले.

पिस्तूल खरंच कुठे दिसत नव्हतं. निवड चोख होती. पण पप्पांचा हात दर दोन मिनिटांनी कमरेकडे जायचा, चाचपून परत यायचा. वरणभातापर्यंत हात चौदा वेळा गेला. मी मोजत होते. मुलगा ताटाकडे बघत होता. त्याला मी सगळं सांगितलं होतं.

त्याच्या आईने भाजीचा डाव खाली ठेवला.

"अहो, मगाचपासून हात तिथेच जातोय. पोट दुखतंय की पिस्तूल आहे?"

मी पाण्याचा पेला पुढे ओढला. पप्पांचा चेहरा मात्र खुलला. घेतल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं.

"पिस्तूल हाय, ताई."

"मग ठीक. मी ओवा आणायला उठणार होते." त्यांनी शर्टाकडे नीट पाहिलं. "पण कळत नाही हो अजिबात. लहान आहे का?"

"लहानच हाय," पप्पा म्हणाले. "पोरीनं निवडलंय."

"आमच्या गल्लीत पार्किंगसाठी एवढ्याने भागायचं नाही. समोरचे आजोबा नुसत्या पाट्या लावून माणूस गारद करतात."

पप्पा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. नंतर त्यांनी शेजाऱ्यांच्या भांडणांची सगळी हकिकत विचारून घेतली आणि बांधावरच्या भांडणांची त्यांना सांगितली. दोघांचंही एकमत झालं, की चुलतभाऊ आणि शेजारी यांच्यासाठी हत्यार ठेवायला परवाना लागूच नये.

निघताना दारात त्या म्हणाल्या, "लग्नाला मात्र ते घरी ठेवून या. बार काढायचे असतील तर फटाके आणू आम्ही."

लग्न हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी उच्चारला होता. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा पट्टा लावत बसले, तो आधीच लावलेला होता.

जिन्यात पप्पा एका पायरीवर थांबले.

"टेबल होतं की गं."

"हो."

"माझी लाज वाटली व्हय?"

नाही म्हणता आलं असतं. लपवायचा सराव होताच. "थोडी," मी म्हणाले.

ते दोन पायऱ्या उतरले. मग कमरेचं पिस्तूल चाचपलं, पंधराव्यांदा.

"त्या बाईला तर मोठंच आवडलं असतं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मी निवडणार."