आठ दिवसांचा पट्टा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोहमाऱ्याच्या ढाब्यावर वाघाला बिडी पेटवून दिल्याची गोष्ट रंगवत होतो. फोन ठेवून म्हणालो, "आमची कौशल्यावहिनी गेली." मंडळी खदखदून हसली. "मंग? पुढं काय झालं?" चाळीस वर्षं थापा मारणाऱ्याला खरं बोलायलाही साक्षीदार लागतो...

आमच्या दवनीवाड्यात वहिनीसारखी बिडी कोणी वळत नसे. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता नि जर्दा. बोटं दिसायचीच नाहीत, नुसता वारा लागायचा. त्याच बोटांना मुंग्या येऊ लागल्या. चिमटीतून जर्दा सांडू लागला, हातातून कात्री गळू लागली. मनगटात नस दबली, असं गोंदियाचे डॉक्टर म्हणाले. फिजिओथेरपीच्या ताईंनी झोपताना बांधायला मनगटाचा पट्टा दिला आणि बोटांचे व्यायाम शिकवले: आधी सरळ, मग आकड्यासारखी वाकडी, मग मूठ. "दो-तीन महीने रोज करना, मौसी."

परतताना बसमध्ये वहिनी रडवेली झाली. "भाऊजी, तवरी हात राहीन काय माहा? बिडी सोडून मले येते तरी काय?" तिला हसवायला मी ठोकून दिलं, "अवो, गोरेगावचा एक ट्रकवाला आठ दिवसांत बरा झाला! आता एका हातानं धानाचं पोतं उचलून राहिला!" ती हसली. मीही खूश.

आठ दिवस तिनं इमानानं सगळं केलं. नवव्या दिवशी पट्टा खुंटीवर. "त्या ट्रकवाल्याचा हात चांगला असन, भाऊजी. माहाच फुटका." तो ट्रकवाला मी त्या बसमध्येच जन्माला घातला होता, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. मोठा गोष्टीवाला ना मी!

वर्षभरात अंगठ्याच्या बुडाचं मांस झडलं. मग पुन्हा गोंदिया. ताईंनी तिचा हात हातात घेतला. "व्यायाम क्यों छोड़ा?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "भुलली मी," म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनच. त्याला ती भ्यायली. सूप भिंतीला टेकलं ते टेकलंच. यंदा तापानं नेली. हाताचा त्याच्याशी संबंध नाही म्हणतात. नसेल. पण सुपाशिवायची वहिनी मी किती वर्षं पाहिली...

परवा शेजारची सुमन मनगट चोळत आली. तीही बिडीवालीच, तिलाही ताईंनी तसाच पट्टा नि व्यायाम दिलेले. "दादा, किती दिवसांत फरक पडते?" ट्रकवाला जिभेवर येऊन उभा राहिला.

"मले माहीत नाही. ताई म्हणन तितके दिवस कर. एकही कमी नको करू."

"तुमाले अन् माहीत नाही?" ती हसतच सुटली.

मी खुंटीकडे पाहत राहिलो. वहिनीचा पट्टा अजून तिथंच, नवाकोरा आहे.