रस्त्यालगतची ज्वारी

माझे मामा, निवृत्त पटवारी वामनराव, गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी वर्ध्यात वारले. वय नव्वद. झोपेत गेले. मी पुलगावहून पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि अंगणातले लोक त्यांच्या शिस्तीबद्दल बोलत होते. एकही नोंद त्यांनी कधी अपुरी ठेवली नाही, म्हणाले... हे खरे आहे. नोंदी पूर्ण होत्या.

सत्तरच्या दशकात केळझरच्या अलीकडची काही गावे त्यांच्याकडे होती. मी तेव्हा वर्ध्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. एका वर्षी ज्वारी दाण्यावर आली आणि दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर पाऊस लागला. नाल्याकाठची कणसे उभ्या ताटावर काळी पडली. ज्या गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत येईल, त्याला पुढच्या पेरणीसाठी बियाण्या-खताचे अनुदान मिळणार होते. अंदाज ठरे तो पीककापणीवर: यादीत निघालेल्या शेतात चौकोन आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळून दाणे तोलायचे. यादीत शेवंताबाईचे शेत निघाले. तीन एकर, नाल्याला लागून. नवरा वारलेला, घरात बियाण्याला दाणा नाही. अनुदान आले तरच तिची पेरणी होणार होती.

कापणीच्या दिवशी कोतवाल आणि बातमीसाठी आलेला मी मामांसोबत होतो. मामा सायकलवरून रस्त्यावर उतरले आणि रस्त्यावरच थांबले. त्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट असत. त्या बुटांना काळी माती लागलेली मी कधी पाहिली नाही. त्यांनी रस्त्यालगतच्या वावराकडे बोट दाखवले. ते जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पुतण्याचे, उंचावरचे. मोजणीची फीत तिथे धरली गेली. एक टोक माझ्या हातात होते.

"साहेब, हे माहं वावर नव्हे," शेवंताबाई म्हणाली. "माहं तिकडे हाय, नाल्यापाशी."

"ज्वारी ज्वारीच असते, बाई. इथली काय अन् तिथली काय."

"असं व्हय? मंग हे मले द्या, अन् माही काळी तुम्ही खा."

कोतवाल हसला. मामा तिचा सर्व्हे नंबर लिहीत होते.

"बूट माह्या डोक्यावर ठेवा," ती म्हणाली, "पण एकडाव वावरात चाला."

गावातले सगळेच चौकोन रस्त्यालगत आखले गेले. पैसेवारी पन्नासच्या वर आली, अनुदान गेले. बातमी मी दिली, आकडा मामांचा. रस्त्यालगत चौकोन आखण्यासाठी त्यांनी कोणाकडून पैसा घेतल्याचे मला आढळले नाही. त्यांना फक्त चिखलात उतरायचे नव्हते.

शेवंताबाईने तहसीलीत अर्ज केला. अर्ज वरून खाली येत चौकशीसाठी मामांकडेच आला. घरच्या ओट्यावर चहा पीत त्यांनी लिहिले: 'प्रत्यक्ष पाहणी केली. तक्रारीत तथ्य नाही.'

"मामा, पाहणी कधी केली?" मी विचारले.

"तू होता ना संगं. काऊन विचारून राह्यला?"

पुढच्या हंगामात शेवंताबाई मालगुजाराच्या पुतण्याच्या वावरात रोजाने ज्वारी सोंगायला जात होती. मामांची तेरवी झाल्यावर मी तिच्या शेताचा जुना सातबारा काढून पाहिला. त्या पुढच्या हंगामाच्या पिकाच्या रकान्यात 'पड', म्हणजे पेरलेच नाही, अशी नोंद आहे. अक्षर मामांचे आहे.