शाफ्टवरचे कुंकू

पुण्याहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले तेव्हा मांडीवर एक लहान लाकडी पेटी होती. वळणावळणांवर मी ती दोन्ही हातांनी सावरत होते. आंबा घाटात कंडक्टरने विचारलेच, "बाई, पेटीत देव आहेत का?"

"नाही. घड्याळासारखे एक उपकरण आहे. वाकलेले लोखंड किती वाकले आहे, ते सांगते."

"डोळ्यांनी दिसत नाही का?" तो म्हणाला आणि पुढच्या तिकिटाकडे वळला. उत्तर होते, पण ते जुळवेपर्यंत साखरपा आले.

सव्वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. चौपन्नाव्या वर्षी, वस्तू न कापता आणि न मोडता तिच्यातील बाक व भेगा शोधण्याचे प्रशिक्षण घेतले आणि एका लहान संस्थेत काम धरले. ही माझी पहिलीच एकटीची फेरी होती. राजापूर तालुक्यातील नाटे गावच्या एका मासेमारी होडीचा पंखा (प्रॉपेलर) गेल्या हंगामाच्या शेवटी खडकाला आपटला आणि तो फिरवणारा पोलादी शाफ्ट वाकला. रत्नागिरीच्या एका कारखान्याने तो दाबून सरळ केला व घरी धाडला. सरळ झालेल्या शाफ्टला कोठे भेग तर गेली नाही ना, एवढे मला पाहायचे होते. पावसाळी बंदी संपून होड्या पाण्यात जायला चार दिवस उरले होते.

रात्र रत्नागिरीत काढून सकाळी नाट्याची गाडी धरली. भाट्याचा पूल ओलांडला, पावसच्या कलमांच्या बागा मागे पडल्या. पुढे सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार) लागला. उन्हाळ्यात करपून काळा पडणारा हा कातळ आता गवताने आणि तेरड्याने भरला होता. मध्येच पाऊस आडवा येई आणि कंडक्टर सगळ्या खिडक्या लावून घेई.

होडीचे तांडेल (होडी चालवणारे प्रमुख) भिकाजीदादा थांब्यावरच उभे होते. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्यामागे पाहिले.

"साहेब मागून येतायत काय?"

"मीच आले आहे."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि पेटी घेऊ लागले. मी ती दिली नाही.

घराच्या पडवीत शाफ्ट दोन ठोकळ्यांवर ठेवला होता. तपासणीच्या रंगाचे व भुकटीचे डबे कारखान्याने आधीच पोहोचवले होते. होडीवरचे पाच खलाशी कामधंदा सोडून ओळीने बसले होते. मी उपकरणाचे टोक शाफ्टला टेकवले आणि तो हळूहळू फिरवायला सांगितला. काटा किंचित थरथरला, एवढेच.

"सरळ आहे," मी म्हणाले. "पण वाकताना, किंवा सरळ करताना, कदाचित..."

"म्याडम, आल्यापासून चौथ्यांदा कदाचित," भिकाजीदादा म्हणाले. "आम्ही समुद्रात जाऊ की नको, एवढं सांगा."

पुढची तपासणी सोपी असते. स्वच्छ केलेल्या पोलादावर लाल रंग फवारायचा. भेग असेल तर तो आत शिरतो. दहा मिनिटांनी वरचा रंग पुसून पांढरी भुकटी फवारायची. भेगेत दडलेला रंग भुकटीवर उमटतो आणि लाल रेघ दिसते. ही रेघ मी प्रशिक्षणात अनेकदा पाहिली होती. पंखा घट्ट बसवणाऱ्या चावीसाठी (लोखंडी पाचरीसाठी) शाफ्टच्या टोकाला लांबट खाच असते. भुकटी फवारून मिनिटही झाले नसेल, तोच त्या खाचेत ठसठशीत लाली उमटली.

"भेग आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

इतक्यात भिकाजीदादांच्या मातोश्री, सगळ्यांच्या आये, चहा घेऊन आल्या. त्यांनी वाकून पाहिले.

"मेल्यांनो, भेग कसली? तो माजा कुंकू! परवा शाफ्ट घरात आला तेव्हा तेलात कालवून लावला मी. पाच बोटं."

खलाशी खदखदून हसले. "म्याडमनी कुंकवाला भेग पाडली रे!" एकजण म्हणाला. भिकाजीदादाही हसले, आणि त्या हसण्यात सुटका होती, हे मला दिसले. चूक माझीच होती. गोल भाग मी नीट पुसला होता. खाचेच्या कोपऱ्यांवरून फडके नुसते फिरवले होते.

"पुन्हा करावे लागेल," मी म्हणाले.

"करा, करा," भिकाजीदादा म्हणाले. "दिवस काय, बसून काढायचाच आहे."

ब्रशने खाच तीनदा धुतली आणि सुकायला ठेवली. तोवर आयेंनी जेवू घातले: तांदळाची भाकरी, फोडशीची (पावसात उगवणारी रानभाजी) परतलेली भाजी आणि सोड्यांचे (वाळवलेल्या कोळंबीचे) कालवण. कालवण तिखट होते. मी पाणी पीत होते आणि दुसऱ्या तपासणीत काहीच न सापडो, अशी इच्छा करीत होते. सापडले तर मला पुन्हा बोलावे लागणार होते.

जेवणानंतर रंग, दहा मिनिटे, भुकटी. खाचेचा तळ पांढराच राहिला. मग एका कोपऱ्यातून, दोऱ्याइतकी बारीक, नखाएवढी लांब, तिरपी रेघ निघाली.

"आये, आणखी कुठं बोट लावलंस काय?" मघाचाच खलाशी म्हणाला.

"नाय रे. एवढं बारीक बोट कुणाचं?"

कोणी हसले नाही. माझ्यावर आता कोणाचा विश्वास बसेल असे वाटत नव्हते. मी डबे भिकाजीदादांच्या हाती दिले. "तुम्ही करा. अगदी पहिल्यापासून."

त्यांनी धुतले, घासले, रंग लावला, पुसला. घड्याळ खलाशांनी पाहिले. भुकटी फवारून दादा मागे सरले. तीच रेघ, तेथेच. आयेंनी पदराच्या टोकाने ती पुसली. दादांनी पुन्हा भुकटी मारली. जरा वेळाने ती पुन्हा आली.

"पुसलं तरी येतंय," आये हलक्याने म्हणाल्या. "हे माजं नव्हे."

भिकाजीदादा शाफ्टपाशी उकिडवे बसले. "सोमवारी सगळ्यांच्या होड्या जातील," ते म्हणाले. "आमचीच काठावर." मग स्वतःशीच, "खाडीच्या तोंडावर पंखा गळला तर लाट खडकावरच नेणार. ही पाच पोरं माझ्या भरवशावर येतात." ते माझ्याकडे वळले. "कागदावर लिहा. पण कदाचित नको."

मी लिहिले: भेग आढळली. हा शाफ्ट वापरू नये. दादांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि नव्या शाफ्टसाठी रत्नागिरीला फोन लावला. पलीकडून दहा दिवस लागतील असे कळले. "दहा तर दहा," ते म्हणाले. खलाशी एकेक करून उठले.

निघताना आये करंडा घेऊन आल्या. बोट कुंकवात बुडवून माझ्या कपाळापाशी थांबल्या. "लावू ना गो बाय? लाल बघून उद्या तुजीच तपासणी व्हायची."

"लावा," मी म्हणाले. "पुसल्यावर परत आले, तर कळवीन."

त्या एवढ्या हसल्या की कुंकू जरा वाकडेच लागले.

परतीच्या गाडीत खिडकीतून आलेल्या पावसाने ते पुसले गेले. नखांतला लाल रंग मात्र पुण्यापर्यंत टिकला. घरी आल्यावर मी तपासणीची वही उघडली. पहिली पायरी छापील आहे: पृष्ठभाग स्वच्छ करणे. तिच्या वर, समासात, मी शाईने एक ओळ लिहिली: घरातील माणसांना आधी विचारावे, पूजा झाली आहे का?