मामांची उतारावरची इस्टेट

आमच्या सबंध गोतावळ्यात जमीन एकाच माणसाच्या नावावर होती, आणि तीही जागेवर राहिली नाही. वडील हुबळीला कमरीपेठेत मिरचीच्या वखारींची पोती शिवायचे. भाड्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण, आणि आपली म्हणावी अशी कुंडीभर मातीही नव्हती. त्यामुळे धारवाडला राहणारे आत्याचे यजमान आम्हांला संस्थानिकच वाटत. कानडी मुलखाच्या रीतीने आम्ही त्यांना मामा म्हणायचो. कोर्टात कारकुनी करणाऱ्या या संस्थानिकांनी गावाबाहेर टेकडीच्या उतारावर एक घर आणि त्याच्याखाली पेरूच्या सात झाडांचा तुकडा घेतला होता. त्याला ते ‘इस्टेट’ म्हणत. मला कॉलेजात शिकता आलं ते मामांनी घरात पथारी टाकू दिली म्हणून, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

आल्यागेल्याला इस्टेट दाखवल्याशिवाय मामा पाणीदेखील विचारत नसत. एकदा एक गृहस्थ मयताचा निरोप घेऊन आले. मामांनी त्यांना सातही पेरू दाखवले, प्रत्येकाचा स्वभाव समजावून सांगितला आणि मग विचारलं, “बरं, कोण गेलं?” पण त्यांचा खरा जीव पावसाच्या पाण्यावर. आपल्या हद्दीत पडलेला थेंब दुसऱ्याच्या हद्दीत गेला की त्यांना घरफोडी झाल्यासारखं वाटे. म्हणून त्यांनी उतारावर आडवे चर खणले, त्यांची तोंडं बांधून टाकली आणि पाऊस लागला की धोतर खोचून, छत्री उघडून ते थेंबांवर पहारा करत. खाली गौडांचा मळा. ते मामांना कानडी अदबीने ‘रायरे’, म्हणजे रावसाहेब, म्हणत आणि हात जोडत, “रायरे, जरा पाणी सोडा की, विहीर कोरडी पडलीय.” मामा वर बोट करत. “ढगाला सांगा. हे माझ्या हद्दीत पडलंय.”

माझ्या बी. ए.च्या वर्षी मात्र पाऊस अधिकमासातल्या जावयासारखा बसला, उठायचं नावच नाही. चर तुडुंब भरले. माती पीत राहिली, फुगत राहिली. एका सकाळी आम्ही चहा घेत असताना कुणी भलंमोठं जाजम फरफटत न्यावं तसा आवाज झाला आणि इस्टेट निघाली. हातभर जाडीचा मातीचा थर, खालच्या कठीण मुरमावरून, तेल लावलेल्या तव्यावरचं धिरडं सुटावं तसा सुटला आणि पाच पेरू उभेच्या उभे घेऊन गौडांच्या मळ्यात जाऊन थांबला. खालून गौडा ओरडले, “रायरे, थेंब मागितला तर दिला नाहीत, आज बागच पाठवलीत की हो!”

आम्ही हसलो, पण घटकाभरच. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत जमीन फाटली होती, आणि तिथला शेवटचा चर अजून भरलेला. ते पाणी निघालं नाही तर पेरूंच्या मागोमाग घर जाणार, आणि घराबरोबर माझं कॉलेज. तेवढ्यात गौडा कुदळ घेऊन वर आले. “चर फोडू या, येऊ दे पाणी माझ्याकडं.” मामा छत्रीसकट चरावर आडवे झाले. “हात लावाल तर याद राखा! पाणी माझं आहे.”

आत्या पदर खोचून बाहेर आली. “पाणी तुमचं, मग घर कुणाचं? या पोराची परीक्षा कुणाची? व्हा बाजूला!”

तिचा चढलेला आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला. मामांनीही प्रथमच ऐकला असावा. ते खाली मळ्याकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, “आणि माझे पेरू?”

“पेरू तुमचेच री,” गौडा म्हणाले. “माझ्याकडं राहतील, मालक तुम्ही. पाणी तेवढं मला.”

मामांनी छत्री मिटली, गौडांच्या हातातली कुदळ घेतली आणि चर स्वतः फोडला. तांबडं पाणी उतारावरून धावलं, आणि मामा मुलगी सासरी निघाल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते आपल्या झाडांना भेटायला मळ्यात जात. पेरू धरले तेव्हा पहिलं फळ कुणी खायचं यावर दोघांचं भांडण झालं. दोघेही दुसऱ्याला देत होते. मामा आता नाहीत. गौडा अजून त्या पेरूंना ‘रायरांची झाडं’च म्हणतात आणि मोसमातली पहिली टोपली आत्याकडे पाठवतात. ती एक फोड मामांच्या तसबिरीपुढे ठेवते आणि उरलेले पेरू मला कापून देते. गोडच असतात.

घर वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच मी बी. ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.