उचकी

"बायको दारात हुबी हाय आन् ह्यो बघत बी न्हाय तिच्याकडं," जमिनीवर बसलेल्यांतून कुणीतरी म्हणालं आणि सगळं थेटर हसलं. हा प्रसंग रडवण्यासाठी होता.

बोलपट यायच्या आधीची ही सोलापुरातली गोष्ट. चित्रं मुकी असत. पडद्याशेजारी उभं राहून लोकांना गोष्ट सांगायची, ही माझी नोकरी. सगळे मला मास्तर म्हणत.

चित्रातला नवरा परमुलखात, बायको गावी. एकदा तो दिसे, मग ती, पुन्हा तो. फिल्म कापून असे तुकडे आळीपाळीने जोडतात. आमचा ऑपरेटर याला 'कट' म्हणे. दोघं लांब आहेत आणि एकमेकांची आठवण काढताहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या लोकांना दोघं एकाच घरात वाटत. नवरा मुद्दाम अबोला धरून बसलाय, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

थेटरच्या मालकांनी, शेठनी, मला बोलावून घेतलं. तुकडा कापायचा म्हणाले. मी म्हटलं, तो कापला तर शेवटी ती कुणाची वाट बघत होती तेच कळणार नाही.

"मग कळेल असं सांगा, मास्तर. उद्या हसले तर तुकडाही जाईल आणि तुम्हीही."

मी हट्टाला पेटलो. पण सांगायचं कसं? माझं वाक्य संपेपर्यंत पडद्यावरचा माणूस बदलायचा. त्यात तेलुगू बोलणारे विणकर शेजाऱ्याला अर्थ विचारत आणि गोंगाट वाढे.

दुसऱ्या दिवशी जेवताना मला उचकी लागली. माझी बायको म्हणाली, "शेठ आठवण काढत असतील." मी घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिलो.

त्या संध्याकाळी पडद्यावर नवरा आला. मी गप्प राहिलो. बायको दिसताच मोठी उचकी दिली. कुणी हसलं नाही. पुन्हा तो, पुन्हा ती, पुन्हा उचकी.

"पानी पी गं बाई," वळसंगहून आलेली एक म्हातारी पडद्याकडे बघून म्हणाली, "लई आठवण काडतोय तिकडं." तिचा आवाज ओला होता. विणकरांनी कुणालाच काही विचारलं नाही. उचकीचा अर्थ त्यांच्याही घरी तोच होता. पुढची उचकी माझ्याकडूनही कशीबशी निघाली.

तुकडा राहिला, मीही राहिलो. शेठ इतके खूश झाले, की पुढच्या मारामारीच्या चित्रातही उचकी द्या म्हणाले. उचकी सुचण्यापेक्षा त्यांना नाही म्हणायला मला जास्त कष्ट पडले. मात्र तेव्हापासून लोक नको तिथे हसले, की आपलं काय सांगायचं राहिलं, ते मी आधी बघतो.