अण्णा दोन शनिवार इंजिनिअर होते

सिमेंटच्या खांबाला नंतर भोक पाडायचं नसतं, हे मला सहाव्या-सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. खांबात सळ्या असतात. भोकातून पाणी आत जातं, सळी गंजून फुगते आणि खांब उभा चिरतो. जुना खांब असेल तर तेवढाही धीर धरत नाही, तिथल्या तिथे फुटतो. तार खांबाभोवती फिरवून बांधायची असते. हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तारेची कुंपणं घालायचं काम करायचे आणि घरी जेवताना याच गोष्टी निघायच्या.

तरीही त्या शनिवारी, अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या बाहेर आमच्या मराठी मंडळाच्या भाजीच्या मळ्यावर, एक काका ड्रिल मशीन घेऊन खांबापुढे बसले तेव्हा मी गप्प राहिले. शेजारी उभे असलेले अण्णाही गप्प राहिले. ते माझ्यामुळे गप्प होते.

आमचं तालुक्याचं गाव. अण्णा सातवी शिकलेले. सायकलच्या दांडीला पहार बांधलेली, मागे तारेचं भेंडोळं, खिशात पक्कड, असे ते सकाळी निघायचे. शेतं, शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, सगळीकडे त्यांनी खांब रोवून तार ताणली होती. त्यांच्या शर्टाच्या बाह्या कायम फाटलेल्या असायच्या आणि दोन्ही तळहातांवर पांढरे, आडवे वळ होते. मला मात्र त्यांनी पक्कडीला हात लावू दिला नाही. "तुझा हात वहीला," म्हणायचे. मी शिकले ते त्या हातांवर, आणि मला पाठ्यपुस्तकं आणून देणाऱ्या दोन शिक्षकांवर. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.

गावात असताना मला त्यांच्या कामाची लाज कधी वाटली नाही. सगळ्यांना सगळं माहीत, तिथे खोटं बोलायची सोयच नव्हती. ती सोय पुण्याला झाली. हॉस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुलीने विचारलं, "बाबा काय करतात?" त्या महिन्यात अण्णा बांधकाम खात्याच्या विश्रामगृहाला कुंपण घालत होते. मी म्हटलं, "बांधकाम खात्यात आहेत."

"अच्छा, इंजिनिअर?"

मी मान हलवली. तेवढंच.

पुढे अमेरिकेत आले, एम.एस. झालं, ह्यूस्टनला नोकरी लागली, मंडळात जायला लागले. प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न आलाच, आणि उत्तर आता मान हलवून नाही तर तोंडाने, न अडखळता यायला लागलं. मळ्याचं काम बघणारे हे काका तेलकंपनीतून रिटायर झालेले. ते कौतुकाने म्हणाले होते, "म्हणजे इंजिनिअरिंग तुझ्या रक्तातच आहे की!" मी हसले होते.

मग अण्णा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मागे राहिली होती. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्यांना न्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण पंधरा दिवसांत ते अपार्टमेंटला कंटाळले. "या गावात माणसं राहतात की नुसत्या गाड्या?" म्हणायला लागले. आणि एकदा किराणा घेऊन परतताना गाडीतच काकांचा फोन आला, स्पीकरवर.

"वडील आलेत ना? शनिवारी मळ्यावर घेऊन ये. जाळी लावायचीय. रानडुकरं सगळं उकरून टाकतायत यार, वांगी गेली, भेंडी गेली."

मी काही सबब शोधेपर्यंत अण्णा सीटवर पुढे सरकून बसले होते. "जाळी? खांब कसले आहेत, विचार."

खांब सिमेंटचे होते. इथे सगळीकडे लोखंडी पट्ट्यांचे खांब वापरतात, पण त्या जागेच्या आधीच्या मालकाने कधीतरी सिमेंटचे रोवून ठेवले होते. हे ऐकल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. शनिवारी सकाळी ते माझ्या आधी तयार होऊन, बूट घालून बसले. वाटेत विचारत होते, पक्कड चांगली असेल ना त्यांच्याकडे, तार किती गेजची, कोपऱ्याच्या खांबांना टेकू आहेत का. पंचवीस मिनिटांचा रस्ता होता. त्या पंचवीस मिनिटांत मी त्यांना सांगू शकले असते. मी एसी कमी-जास्त करत राहिले.

गाडीतून उतरलो तसे काका हात पुढे करून आले.

"या, या, इंजिनिअर साहेब! मुलीने सगळं सांगितलंय. उभी हयात बांधकाम खात्यात काढलीत म्हणे!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नवीन साइटवर माप घेताना जसं बघायचे तसं, नीट. मग त्यांनी हात मिळवायच्या ऐवजी लांबूनच नमस्कार केला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मला लगेच कळलं ते कुणासारखे उभे आहेत. बांधकाम खात्याचे साहेब पाहणीला आले की अण्णांसमोर असेच उभे राहायचे.

काकांनी ड्रिल चालू केलं. व्हिडिओ बघून ते स्क्रू आणि प्लग घेऊन आले होते. पहिल्या खांबाला कसंबसं भोक पडलं. दुसरा खांब वरपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिरला आणि त्याचा एक ढलपा काकांच्या बुटावर पडला.

"आयला!"

"अहो, पाहुणे आहेत," काकू म्हणाल्या. या काकांच्या पत्नी, मळ्यावरचा डबा आणि शिस्त त्यांच्याकडे.

"पाहुणे कसले, हेच सांगतील आता. साहेब, काय करायचं?"

अण्णा म्हणाले, "भोक नको. तार गुंडाळून बांधा. आणि जाळी आतल्या बाजूने लावू नका. डुक्कर बाहेरून रेटणार. जाळी बाहेरून असली की ते खांबावर रेटेल, आतून असली की तुमच्या गाठींवर."

"बघा! याला म्हणतात एक्सपर्ट," काका सगळ्यांना म्हणाले.

पण गुंडाळून बांधायचं कसं, ते कुणाला येत नव्हतं. सात-आठ जण होते, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर. तार पिळायला गेले की तुटायची, नाहीतर सैल राहायची. अण्णा मधून मधून तोंडाने सांगत. मी त्यांच्या मागे उभी होते. पाठीमागे बांधलेल्या हातांत उजव्या हाताची बोटं सारखी वळत होती, पक्कड धरल्यासारखी. शेवटी त्यांना बघवेना. ते वळून मला म्हणाले, "तू बांध."

"मला नाही येत, अण्णा."

"मी सांगतो ना."

त्या दिवशी आणि पुढच्या शनिवारी मी बांधत गेले आणि अण्णा शेजारी उभे राहून सांगत गेले. तार दुहेरी घे. खांबाला मागून वेढा दे. दोन्ही टोकं जाळीच्या ताणलेल्या तारेवरून आण. आधी ओढ, मग पीळ. "तीन पिळे. चौथ्याला तुटते." टोक कापून आत वळव, नाहीतर कुणाचा तरी हात फाटेल. माझाच फाटला, दोनदा. काकूंनी बँड-एड लावलं आणि म्हणाल्या, "वडील साहेब असले की असंच. माझे पण हेडमास्तर होते, नुसता हुकूम!"

अण्णा हसले. त्यांनी रक्त पाहिलं होतं. त्यांचा हात पुढे आला होता, आणि परत मागे गेला होता.

दुसऱ्या शनिवारी झाडाखाली पोहे खाताना काकूंनी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे हो?"

मी घास तोंडाशी धरून थांबले. आत्तापर्यंत अण्णा एकही शब्द खोटा बोलले नव्हते. कोणते पूल बांधलेत असं कुणी विचारलं तर "लहानसहान कामं होती आपली" एवढंच म्हणायचे, आणि ते खरंच होतं. आता पळवाट नव्हती. त्यांनी घास गिळला.

"पुण्याचा," ते म्हणाले. आणि हात धुवायला उठले. बशीत पोहे तसेच होते.

परतताना गाडीत मला वाटलं, आता ते बोलतील. बोलले ते एवढंच, "कोपऱ्याचा टेकू ढिला आहे. ताण आला की सरकेल." का खोटं सांगितलंस, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही.

तो आठवडाभर ऑफिसात माझ्यासमोर स्क्रीन होता आणि मला "पुण्याचा" एवढंच ऐकू येत होतं. आयुष्यात कुणाला फसवून एक खांब कमी रोवला नाही अशा माणसाच्या तोंडून मी हे वदवलं होतं. मी ठरवलं, सगळ्यांसमोर खरं सांगायचं. अण्णांना त्यांचा मान परत द्यायचा. असंच वाटलं होतं मला, खरोखर.

तिसऱ्या शनिवारी चहाच्या वेळी मी उभी राहिले.

"काका, मला एक सांगायचंय. अण्णा इंजिनिअर नाहीत. ते कुंपणं घालायचे. हेच, तार बांधायचे. मी सगळ्यांना खोटं सांगितलं होतं."

काकांनी कप खाली ठेवला. मग मांडीवर थाप मारली.

"अगं, मग त्यात काय एवढं!" आणि ते अण्णांकडे वळले. "पण साहेब, तुम्ही तर आम्हाला मस्त मामा बनवलंत! पुण्याचं कॉलेज काय, हात मागे काय! नाटकात घेतो तुम्हाला गणपतीला."

सगळे हसले. मनापासून हसले, वाईटपणा कुणाच्याच मनात नव्हता. अण्णाही हसले. काकूंची इथेच जन्मलेली मुलगी फोन काढून म्हणाली, "दॅट्स सो कूल, अंकल! शो अस!" कुणीतरी अण्णांच्या हातात पक्कड दिली.

उरलेली बाजू त्यांनी एकट्याने बांधली. अकरा खांब. आधी टेकू ठोकून घट्ट केला, मग तार पहारीला अडकवून अशी ताणली की बोटाने छेडल्यावर वाजली. प्रत्येक गाठीला वेढा, ओढ, तीन पिळे, टोक आत. बघायचीही गरज नव्हती त्यांना, नजर पुढच्या खांबावर असायची. शेवटच्या गाठीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

गाडी हायवेला लागल्यावर अण्णांनी विचारलं, "बरं वाटलं तुला?"

"हो, अण्णा."

"वाटणारच." त्यांनी सीटबेल्ट जरा सैल केला. "मला विचारलं असतंस आधी."

मला समजलं नाही. मी म्हटलं, "तुमचं खरं ते सगळ्यांना कळावं म्हणून—"

"माझं काम सांगायला मी होतो ना तिथे. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी नव्हतो. आज तर समोर चहा पीत बसलो होतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला ते काही बोलले नाहीत बघ. उलट पाठ थोपटली. पुण्याचं कॉलेज मला म्हणाले."

"गंमत केली हो त्यांनी."

"कळतं की मला. हसलो ना मीही."

मला पुढचा रस्ता धड दिसेना. आधी माझ्या लाजेसाठी मी त्यांना इंजिनिअर केलं, आणि मग माझ्याच मनाच्या शांतीसाठी त्यांना सात-आठ लोकांत खोटारडं ठरवलं. दोन्ही वेळा त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "वडिलांना विचार ना, आमच्या बॅकयार्डला कुत्र्यासाठी जाळी लावून देतील का? त्यांना दोन तासांचं काम." माझं डोकं तापलं. पंधरा दिवसांपूर्वी इंजिनिअर साहेबांना हे विचारलं असतं का त्यांनी? मी फोन बाजूला धरून अण्णांना सांगितलं, नाही म्हणून टाकते.

"का? जाईन की."

"अण्णा, ते तुम्हाला कामाला लावतायत."

"मग काम सांगितलं तर काय झालं? कामाची मला लाज नव्हती कधी. त्या दोन शनिवारांची आहे."

ते गेले, आणि कुत्र्याला खालून उकरता येऊ नये म्हणून जाळीची खालची कड जमिनीत पुरून आले. मळ्यावर मात्र परत आले नाहीत. दर शनिवारी गुडघा दुखत असायचा.

अण्णा आता गावी आहेत. हे लिहिण्याआधी मी त्यांना फोन केला. या वेळी आधी विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच आईला हाक मारून गॅस बंद करायला सांगितला, मग म्हणाले, "लिही. नावं घालू नकोस कुणाची."

"नाही घालत."

"आणि मी पुण्याचा म्हणालो, ते गाळू नकोस. ते मी बोललो होतो, तू नाही."

म्हणून ते गाळलेलं नाही. पण ते खोटं त्यांचं होतं, एवढं मात्र मला अजून मान्य करता येत नाही. फोनवर मी तसं म्हणायला गेले, तर ते म्हणाले, "बरं, ठेव आता," आणि आईकडे फोन दिला.