टाकीमागची मरीआई

"मावशी, दोरीच्या आत नको. आज सोवळं आहे."

नव्या देवळाच्या प्रतिष्ठापनेदिवशी कमिटीचे सेक्रेटरी माझ्या आईला म्हणाले. तिच्या हातात ताट होतं. ज्वारीची भाकरी, कांदा, आंबिलीचा तांब्या, हळदकुंकू. चाळीस वर्षं दर मंगळवारी ती हेच ताट घेऊन मरीआईकडं गेली. तेव्हा दोरी नव्हती. बांधायला माणूसच नव्हतं. सोलापूरच्या कडेचा तो नुसता माळ. लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड. त्याला आम्ही तांदळा म्हणतो. नाक नाही, डोळे नाहीत. तीच आमची देवी.

तिची सेवा आमच्या घराकडं. वडील हलगी वाजवायचे. ते गेल्यावर झाडलोट, पाणी, शेंदूर, सगळं आईवर आलं. कुणाच्या पोराला गोवर आला की बाया तिच्याकडं यायच्या. कानडी बोलणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या, सगळ्या. आई गाणं म्हणायची, अर्धं मराठी, अर्धं कानडी.

मग माळावर प्लॉट पडले. बंगले उठले. कमिटी झाली. लिंब तोडून देऊळ बांधलं, संगमरवरी मूर्ती आणली. तिला नावही दुसरं दिलं. मरीआई म्हणायची त्यांना लाज वाटत असावी.

महिन्यापूर्वी सेक्रेटरी आमच्या घरी आले होते. बाहेरच उभे राहिले. चहा नको म्हणाले.

"मॅडम, तुम्ही शिक्षिका. मंदिराचा इतिहास लिहून द्या. फलकावर लावू."

मला बरं वाटलं. हे कबूल करते. दोन रविवार बसून लिहिलं. वडिलांची हलगी लिहिली, आईचं नाव लिहिलं.

त्या दिवशी, दोरीच्या बाहेरूनच, मी तो फलक वाचला. सुरुवातीची वाक्यं माझी. शेवटची माझी. मधलं आमचं घर गेलेलं. त्या जागी एकच ओळ : 'हे देवस्थान अनेक वर्षे दुर्लक्षित होते.'

आई फलक वाचू शकत नाही. ती आत बघत होती. तिनं सेक्रेटरींना हळूच विचारलं, "आन् माजी मरीआई कुटं हाय?"

"तो जुना दगड ना? मागं टाकीजवळ ठेवलाय. शुक्रवारी तळ्यात विसर्जन करू."

"बरं," आई म्हणाली. दोन पावलं मागं सरली. मला म्हणाली, "जाऊ दे गं. लांबनं हात जोडू."

आमची जात कुणी उच्चारली नाही. हल्ली उच्चारत नाहीत. दोरी बांधतात. मी बेचाळीस वर्षांची आहे. मला भांडायची हौस राहिलेली नाही. पण त्या 'जाऊ दे'चा मला भांडणाहून जास्त थकवा आला होता.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मंडपाच्या तोंडाशी माईक होता, दोरीच्या अलीकडं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम फलकाचं वाचन करतील. लिखाण त्यांचंच आहे."

मी माईक हातात घेतला.

"हे मी लिहिलेलं नाही. मी लिहिलं त्यात चंद्राबाईचं नाव होतं. चंद्राबाई माझी आई. तिनं ही देवी चाळीस वर्षं सांभाळली. ती तिकडं उभी आहे, दोरीच्या बाहेर."

माईक बंद झाला. ज्यांच्या पोरांना आईनं मांडीवर घेऊन लिंबाचा पाला फिरवला होता, त्या बाया समोर बसल्या होत्या. पदर सारखे करत राहिल्या. कुणी उठलं नाही.

"आम्ही तुम्हाला मान दिला, आणि तुम्ही हे असं?" सेक्रेटरी दात आवळून म्हणाले.

रागात माझ्या तोंडी घरची बोली आली. "मान दिला न्हाय तुमी. कामाला लावलं."

आईचा हात धरून मी देवळामागं गेले. टाकीजवळ फुटक्या फरशांत तांदळा आडवा पडला होता. शेंदरावर सिमेंट वाळलेलं. आई खाली बसली आणि नखानं ते सिमेंट खरवडू लागली. मग म्हणाली, "तू बोलाय नको हुतंस. आता हितं बी येऊ द्यायची न्हाईत."

खरं असेल. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या दोन पालकांनी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. आईही माझ्याशी नीट बोलत नाही.

मी शुक्रवारची रजा टाकली आहे. आत घ्या, असं मी कुणाला म्हणणार नाही. कमिटीची माणसं तांदळा उचलायला येतील तेव्हा मी टाकीला पाठ लावून तिथं बसलेली असेन. आधी मला उचलावं लागेल.